लाल टॅगवर कारण लिहायचं असतं

चाकण, भोसरी, तळेगाव आणि रांजणगाव इथल्या कारखान्यांत माणसं नेमणाऱ्या सर्व एचआर मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

माझे वडील वारले त्याला नऊ वर्षं झाली. गेल्या चौदा महिन्यांत मी त्यांना सहा मुलाखतींत आजारी पाडलं. कधी पॅरालिसिस, कधी किडनी, एकदा काहीच सुचेना म्हणून नुसतं म्हातारपण. "मधल्या काळात काय करत होतात?" असं तुम्ही विचारायचात आणि मी वडिलांना खाटेवर निजवायचो. तुमच्यापैकी बहुतेकांनी आस्थेने विचारलंही, "आता कसे आहेत?" मी म्हणायचो, "आता बरे आहेत. म्हणून तर लगेच जॉइन होऊ शकतो."

आजारी मी होतो. नैराश्याचा आजार, म्हणजे डिप्रेशन. उपचार चालू आहेत आणि त्यातून बराचसा वर आलो आहे. एवढं साधं वाक्य तुमच्या टेबलासमोर बसून मला एकदाही बोलता आलं नाही. का आलं नाही, ते सांगण्यासाठी हे पत्र.

मी क्वालिटीतला माणूस. २००३ चा मेकॅनिकल डिप्लोमा, पहिली सहा वर्षं भोसरीत आणि पुढची सगळी चाकणला. आमच्याकडे नग रिजेक्ट झाला की त्याला लाल टॅग लागतो. टॅगवर पार्ट नंबर, तारीख, शिफ्ट, संख्या आणि कारण. 'बोअर ओव्हरसाइज', 'थ्रेड डॅमेज', 'बर' (म्हणजे कडेला राहिलेली धातूची कूस). कारणाचा रकाना कोरा राहिला तर ऑडिटर आमच्या नावाने शंख करायचा. दोन रुपयांच्या बुशलासुद्धा आम्ही कारण देत होतो. आता माझा हिशेब सांगतो. एकशे बारा अर्ज, सतरा मुलाखती. टॅग सतराही वेळा लागला. कारणाचा रकाना सोळा वेळा कोरा. सतराव्याची गोष्ट पुढे येईल.

नोकरी गेली ती अशी: आमच्या लाइनवर जो पार्ट निघायचा त्याचं काम दुसऱ्या राज्यातल्या प्लांटला गेलं. अकरा जणांना एकेक करून केबिनमध्ये बोलावलं आणि कोरा कागद पुढे सरकवला. राजीनामा तुम्हीच लिहा, म्हणजे रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल. मी लिहिला. सगळ्यांनीच लिहिला.

पण त्याच्या आधी वर्षभर माझं काहीतरी बिनसत होतं. एकच नग तीन-तीनदा मोजायचो. व्हर्नियरवरचा आकडा वाचायचो आणि वहीत उतरवेपर्यंत विसरायचो. नाइट नसली तरी पहाटे तीनला टक्क जाग. तेव्हा नोकरी गेली म्हणून आजार आला, की आजार आधीच आला होता म्हणून अकरांच्या यादीत माझं नाव आलं? गिऱ्हाइकाची तक्रार आली की एट-डी (8D) रिपोर्टमध्ये, म्हणजे दोषाचं कारण शोधायच्या ठरावीक अहवालात, पाच वेळा 'का' विचारून मुळाशी जायचं, हे माझं वीस वर्षांचं काम. मी रात्री पडल्यापडल्या बारा-पंधरा वेळा 'का' विचारायचो आणि दर वेळी स्वतःपाशी येऊन थांबायचो. डॉक्टर नंतर म्हणाले, सगळं खापर स्वतःवर फोडणं हे या आजाराचं लक्षणच आहे. लक्षणालाच मी रूट कॉज समजून बसलो होतो.

काम शोधायला जे जे लागतं, ते ते हा आजार आधी काढून घेतो. स्वतःबद्दल चार शब्द बरे बोलायचे असतात, आणि डोक्यात दिवसभर एकच पट्टा चालू असतो की तुझ्यात काही राम नाही. रेझ्युमेची फाइल उघडून 'स्ट्रेंथ्स' या शब्दाखालच्या रिकाम्या जागेकडे मी अकरापासून एकपर्यंत बघत बसलोय. काय लिहिणार? मग फाइल बंद केली, जेवलो नाही, झोपलो. संध्याकाळी बायकोने विचारलं, आज काय केलं? दोन तास एका शब्दाखालची जागा बघितली, हे कसं सांगणार माणसाला!

फोनचं वेगळंच. अनोळखी नंबर वाजला की छातीत धडधड. फोन तांदळाच्या डब्यावर ठेवून मी गॅलरीत जाऊन उभा राहायचो. वाजायचा थांबला की हायसं वाटायचं आणि पाच मिनिटांत स्वतःची लाज. मनाचा हिय्या करून दोन दिवसांनी उलट फोन लावला की तिकडून, "ती पोझिशन क्लोज झाली." तुमच्या वहीत त्याची नोंद 'कँडिडेट नॉट रिस्पॉन्डिंग' अशी झाली असणार. खोटी नाही ती नोंद. अपुरी आहे.

आणि सकाळ. या आजारात बऱ्याच जणांची सकाळ सगळ्यांत वाईट जाते; दुपार कलली की जरा माणसात येतो. तुमचे वॉक-इन मात्र नऊ ते अकरा. मोशीहून चाकण, नाशिक रस्त्याची ती कोंडी. म्हणजे पाचला उठायचं, आणि नुसती दाढी करायला पाऊण तास. एकदा सगळं जमवून एका गेटवर वेळेआधी पोचलो. सिक्युरिटीने रजिस्टरमध्ये नाव घेतलं, गळ्यात व्हिजिटर पास अडकवला, शेडमध्ये बसवलं. समोर वीस-पंचवीस पोरं. निम्मी माझ्या पुतण्याच्या वयाची, हातात फाइल, अंगात इस्त्रीचे शर्ट. दहा मिनिटं बसलो आणि उठून चालता झालो. त्या रजिस्टरमध्ये माझा इन टाइम आहे, आउट टाइम नाही. पास अजून घरात ड्रॉवरमध्ये पडलाय. कुणाचा हरवलेला पास असेल तर माझ्याकडे आहे.

घरच्यांविषयी फार लिहीत नाही. बायको खासगी शाळेत शिकवते. तिच्या पगारात फ्लॅटचा हप्ता जातो आणि उरलेल्यात आम्ही. मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय विचारला होता, तिने मला न विचारताच 'इंजिनिअर' लिहून टाकलं. सोसायटीतले विचारतात, "काय, वर्क फ्रॉम होम का?" करोनाने आमच्यासारख्यांची ही एक सोय मात्र करून ठेवली. मी हो म्हणतो. घरी बसून नगांची तपासणी कशी करतात, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

आता वडिलांचं. त्यांना सहा वेळा वापरलंय, तर त्यांची खरी गोष्टही सांगायला हवी. मी १९८२ चा. त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. वडील त्यातले एक, साच्यावर, म्हणजे मागावर काम करणारे. ते गावी आले, कराडच्या बाजूला, आणि परत कधी गेले नाहीत. मला आठवतं तेव्हापासून ते ओट्यावर बसलेले. चहाचा कप हातात, साय धरेपर्यंत तसाच. बाजाराला निघाले की आई दहा-पंधरा पावलं पुढे आणि ते मागे, चालता चालता मध्येच थांबलेले. गावात म्हणायचे, "गिरणी सुटली आणि गडी खचला." आईने देवऋषी केले, उतारे केले. औषध असतं हे कुणाला माहीत नव्हतं. मलाही ते आळशीच वाटायचे. खोटं कशाला सांगू, मोठा होईपर्यंत वाटायचे.

मी ज्या समुपदेशक बाईंकडे जातो त्यांनी एकदा मारिएनथालची हकिकत सांगितली. ऑस्ट्रियातलं हे गिरणीचं गाव. १९३० च्या सुमारास गिरणी बंद पडली आणि जवळपास अख्खं गाव बसून राहिलं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड हे संशोधक आणि त्यांचे सोबती तिथे गेले आणि त्यांनी मोजमाप घेतलं. मला हीच गोष्ट आवडली, की त्यांनी मोजलं. रस्त्यावरून जाणाऱ्यांचा वेग घड्याळ लावून टिपला. बाप्ये बायकांपेक्षा सावकाश चालत होते आणि सारखे थांबत होते. बायकांना घरचं काम होतं, पुरुषांना कुठेच पोचायचं नव्हतं. गावात वाचनालय होतं, वर्गणीही माफ झाली होती, वेळ तर ढीगभर. तरी पुस्तकं नेणारे घटले. बाई बोलत होत्या आणि मला आईच्या मागे दहा पावलांवर थांबलेला माणूस दिसत होता. खिडकीतून घड्याळ लावून बघणारं कुणी आमच्या गावात असतं, तर त्याने वडिलांना आळशी म्हटलं नसतं.

तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण आमच्याकडे एका जागेला चारशे सीव्ही येतात. येतात, माहीत आहे. आणि प्रेस शॉपमध्ये गुंगीचं औषध घेणारा माणूस उभा करायचा का, हा तुमचा प्रश्नही रास्त आहे. तो जरूर विचारा. माझ्या डॉक्टरांना विचारा, चिठ्ठी मागा. पण तुमच्या मेडिकल फॉर्मवर काय छापलंय ते एकदा वाचा. एका कारखान्याच्या फॉर्मवर मधुमेहापुढे तीन चौकटी होत्या: नाही, आहे, नियंत्रणात आहे. रक्तदाबापुढेही तीन. 'मानसिक विकार' यापुढे दोनच. हो किंवा नाही. आमचा जुना सुपरवायझर कॅन्टीनमध्ये ताटाशेजारी शुगरच्या दोन गोळ्या मांडून जेवायचा, कुणाला काही वाटायचं नाही. माझी गोळी मी मुलाखतीला गेलो की संडासात जाऊन घ्यायचो. त्या फॉर्मवर तिसरी चौकट असती, तर मी तिच्यावर खूण केली असती. नव्हती म्हणून 'नाही'वर केली, आणि मग घरी येऊन आठवडाभर, पकडलो गेलो तर काय, या भीतीत काढला. नोकरी तीही मिळाली नाही, ती गोष्ट वेगळी.

निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाचा ढोबळ निष्कर्ष असा की वीसातल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य गाठतं. तुमच्या प्लांटला चारशे माणसं असतील, तर लॉटमध्ये वीस नग. ते आत आहेत, पंचिंग करतायत, टार्गेट देतायत, काही गोळ्या घेतायत आणि बरेच घेत नाहीयेत. ज्याला तुम्ही गेटवर अडवता तो आत केव्हाचाच आहे. फक्त त्याच्या नोकरीत गॅप पडलेला नाही.

कायदे बघितले. रिकाम्या माणसाला वाचायला वेळ असतो, मारिएनथालचे लोक काही म्हणोत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत आणि मानसिक आजार त्यातला एक. आस्थापना खासगी असली तरी तिने समान संधी धोरण जाहीर करायचं असतं, वीस किंवा अधिक माणसं असतील तर सविस्तर. सतरा मुलाखतींत ते कुठे भिंतीवर लावलेलं मला दिसलं नाही. सेफ्टी पॉलिसी आणि क्वालिटी पॉलिसी मात्र सगळीकडे होती, फ्रेम करून. सरकारी नोकरीत चार टक्के आरक्षण आहे, त्यातला एक टक्का मानसिक आजार आणि इतर काही प्रकार मिळून. त्याला चाळीस टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. माझा आजार तेवढा नाही आणि तेवढा होऊ नये म्हणून तर मी गोळ्या घेतो. म्हणजे मी मधला. कायद्याने पुरता आजारी नाही, तुमच्या फॉर्मने पुरता बरा नाही.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. विमा कंपनीने मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरलं पाहिजे, आणि रुग्णाची माहिती गुप्त राहिली पाहिजे, असं तो सांगतो. चांगला कायदा आहे. माझा विमा कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम होता, तो राजीनाम्याच्या तारखेला संपला. ईएसआयसीकडे, म्हणजे कामगार विमा महामंडळाकडे, बेकारीत काही महिने निम्म्या सरासरी पगाराएवढी मदत देणारी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, पण माझा पगार एकवीस हजारांच्या वर, त्यामुळे मी ईएसआयसीतून केव्हाच बाहेर. राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना पस्तीस वर्षांपर्यंतच्यांसाठी, मी त्रेचाळीसचा. जुन्या पगाराच्या स्लिपा चाळताना 'पीटी'ची ओळ दिसली. दरमहा दोनशे, फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे अडीच हजार. हा व्यवसाय कर महाराष्ट्राने १९७५ मध्ये लावला तो रोजगार हमीसाठी. शहरातल्या नोकरदाराने भरायचा आणि दुष्काळी गावातल्या हातांना काम मिळायचं. ही कल्पना मला आजही मनापासून आवडते आणि ते पैसे गेले याचं काडीचं दुःख नाही. फक्त त्या स्लिपा हातात घेऊन बसलो असताना वाटलं, शहरातल्या माणसाचं मन दुष्काळी झालं तर त्याच्यासाठी कोणती ओळ आहे?

एक गोष्ट उपयोगाची म्हणून सांगतो, तुमच्या नोटीस बोर्डावर लावा. १४४१६. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू, फुकट, रात्रीही, आणि मराठीत बोलतात. मी एका रात्री अडीच वाजता लावला होता. पलीकडच्या मुलीने मला काहीही उपदेश केला नाही. नाव-गाव विचारलं, जेवलात का विचारलं. दुसऱ्या दिवशी मी सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीच्या रांगेत उभा होतो.

गोळी घेतली की चार दिवसांत गडी तयार, अशी माझी समजूत होती. चार-सहा आठवडे लागले. पहिले दोन आठवडे नुसती मळमळ आणि तोंडाला कोरड; त्यातच एक मुलाखत होती आणि मी तीनदा पाणी मागितलं. समोरच्या साहेबांनी हसून विचारलं, "एवढं टेन्शन घेता? मग ऑडिट कसे फेस करणार?" मी वीस वर्षांत किती ऑडिट दिले ते समोरच्याच कागदावर लिहिलेलं होतं. बाईंनी मला एक तक्ता दिला. रोज एकच अर्ज, दहा नाही. अर्ज पाठवला की त्या दिवसाचं काम झालं, उत्तर येणं माझ्या कामात धरायचं नाही. क्वालिटीच्या भाषेत हे मला लगेच कळलं: प्रोसेस माझ्या हातात, आउटपुटवर रोज तडफडायचं नाही.

आता सतरावी मुलाखत. रांजणगावचा कारखाना. शनिवारी दुपारी फोन वाजला आणि का कोण जाणे, मी उचलला. एचआरच्या मॅडम होत्या, आवाजावरून तिशीच्या आतल्या. "सर, तुमचा अनुभव आमच्या साहेबांना आवडला. पण आम्हाला सीएमएमवर स्वतः प्रोग्राम लिहिणारा माणूस पाहिजे. तुम्ही मशिन चालवलंय, प्रोग्रामिंग केलेलं नाही. म्हणून नाही घेऊ शकलो. सॉरी सर." (सीएमएम म्हणजे नगाची मापं अचूक घेणारं मशिन.) दीड मिनिटाचा फोन. त्या संध्याकाळी मी कित्येक महिन्यांनी काही काम नसताना चपला घालून खाली गेलो आणि कोपऱ्यावर भेळ खाल्ली. नकारच होता तो. पण त्यात मी नालायक आहे असं कुठे नव्हतं. सीएमएमचं प्रोग्रामिंग येत नाही एवढंच होतं, आणि ते शिकता येतं. सोळा कोऱ्या टॅगांवर मी स्वतःच्या हाताने एकच कारण लिहीत आलो होतो. ते खोडायला त्या पोरीला दीड मिनिट लागलं. पुढच्या सोमवारी भोसरीत क्लास लावला. बायकोने पाटल्या मोडल्या नाहीत, तुम्हाला तसं वाटेल म्हणून सांगतो. तिच्या भिशीचा नंबर लागला होता.

माझं मागणं मोठं नाही. दया म्हणून घ्या, असं मी म्हणत नाही, आणि माझ्यापेक्षा चांगला माणूस मिळाला तर त्यालाच घ्या. चारशे जणांना कळवणं जमत नसेल, पण ज्यांना तुम्ही गेटच्या आत बोलावून समोर बसवलंत त्या सहा-सात जणांना तरी एका ओळीचं कारण पाठवा. 'गॅप का पडला' हा प्रश्न विचारताना समोरच्याला खरं सांगता येईल एवढी जागा ठेवा. 'तब्येतीमुळे, आता ठीक आहे' हे उत्तर ऐकून पेन खाली ठेवू नका. दोनदा मी तेवढं अर्धवट खरं बोलून बघितलं. दोन्ही वेळा पेन खाली गेलं आणि पुढचे प्रश्न घाईने संपले. फॉर्मवर तिसरी चौकट छापायला प्रिंटरला किती पैसे लागतील, ते तुमच्या परचेसला विचारा.

गेल्या आठवड्यात तुमच्यापैकी एका कारखान्याची जाहिरात आली आहे. क्वालिटी इंजिनिअर, सीएमएम प्रोग्रामिंग हवं, अनुभव पंधरा वर्षांच्या वर. मी अर्ज केला आहे. गॅपच्या रकान्यात लिहिलंय: 'नैराश्याचा आजार. उपचार चालू. कामासाठी फिट असल्याचं डॉक्टरांचं पत्र सोबत जोडलं आहे.' वडिलांचा उल्लेख कुठे नाही.

मुलाखतीला बोलावलंत तर जमल्यास दुपारी दोननंतरची वेळ द्या.

आपला,
एक क्वालिटी इन्स्पेक्टर
(नाव अर्जावर आहे)